शार्त्र कॅथीड्रलमधील रंगीत काचचित्रे : दाते, कारागीर आणि ऐतिहासिक पुराव्याचा प्रश्न

सारांश

फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलच्या रंगीत काचेच्या खिडक्या हा तेराव्या शतकातील काचचित्रांचा सर्वांत मोठा सलग संग्रह मानला जातो. यांपैकी अनेक खिडक्यांच्या तळाशी पाव भाजणारे, जोडे शिवणारे, सराफ, सुतार, गवंडी अशा व्यावसायिकांची चित्रे आहेत. या चित्रांवरून नगरातील श्रेणींनी स्वखुशीने खिडक्या दान केल्या, असा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकापासून काढला जात होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस या निष्कर्षाला गंभीर आव्हान देण्यात आले. प्रस्तुत निबंधात या वादाचा परामर्श घेऊन, दृश्य पुराव्याचे वाचन इतिहासलेखनात कोणत्या मर्यादेत करावे, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : गॉथिक वास्तुकला, काचचित्र, शार्त्र, श्रेणी, दान, जीर्णोद्धार.

१. प्रस्तावना

मध्ययुगीन युरोपात कॅथीड्रल ही केवळ उपासनेची वास्तू नव्हती. ते बिशपचे अधिकृत पीठ होते, जमीनजुमल्याचे व महसुलाचे केंद्र होते, यात्रेचे व जत्रेचे ठिकाण होते आणि अनेक ठिकाणी विद्येचेही स्थान होते. बाराव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसच्या परिसरात जी नवी बांधकामपद्धती विकसित झाली, तिला पुढे 'गॉथिक' असे नाव मिळाले. टोकदार कमानी, कण्यांवर पेललेली छते आणि बाहेरून भिंतींना आधार देणाऱ्या उडत्या धिऱ्या यांमुळे छताचा भार मोजक्या खांबांवर आला. भिंतींवरील भार कमी झाल्याने त्यांत मोठमोठ्या खिडक्या उघडता आल्या आणि त्या खिडक्या रंगीत काचेने भरल्या गेल्या. या परंपरेचे एकोणिसाव्या शतकातील पुनरुज्जीवन महाराष्ट्रातील वाचकांस अपरिचित नाही. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या आणि १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालय-इमारतीतील रंगीत खिडक्या याच परंपरेच्या दूरच्या वारसदार होत.

मूळ परंपरेचा अभ्यास करावयाचा तर शार्त्रकडे वळावे लागते. पॅरिसच्या नैर्ऋत्येस, बोस या गव्हाच्या सुपीक प्रदेशात वसलेल्या या नगरातील कॅथीड्रलमध्ये १७० हून अधिक खिडक्या असून त्यांतील बहुसंख्य काचचित्रे बाराव्या व तेराव्या शतकांतील आहेत. काचचित्रांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे अडीच हजार चौरस मीटर भरते. युनेस्कोने १९७९ मध्ये या वास्तूचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

या खिडक्यांचे सौंदर्य सर्वमान्य आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न सौंदर्याचा नसून पुराव्याचा आहे. या खिडक्यांचा खर्च कोणी केला? त्यांवर कोणते विषय असावेत, हे कोणी ठरविले? आणि त्यांत दिसणारा कष्टकरी समाज स्वतःविषयी बोलत आहे, की त्याच्याविषयी दुसरे कोणी बोलत आहे? या प्रश्नांची उत्तरे शोधताना एका प्रचलित समजुतीची फेरतपासणी करणे अपरिहार्य ठरते.

२. आग, पुनर्बांधणी आणि द्रव्यबळ

शार्त्रचे महत्त्व तेथील एका पवित्र अवशेषामुळे होते. येशूच्या जन्मसमयी कुमारी मेरीने परिधान केलेले वस्त्र येथे आहे, अशी श्रद्धा होती. हे वस्त्र सम्राट चार्ल्स द बाल्ड याने ८७६ मध्ये दिले, असे परंपरा सांगते. या वस्त्राच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येत. मेरीच्या चार प्रमुख सणांना कॅथीड्रलच्या आवारात जत्रा भरत आणि नगराचा व्यापार या जत्रांशी निगडित होता.

१० जून ११९४ च्या रात्री लागलेल्या आगीत जुन्या कॅथीड्रलचा बहुतेक भाग नष्ट झाला. केवळ पश्चिमेचा दर्शनी भाग आणि भूमिगत तळघर वाचले. पवित्र वस्त्रही जळाले असावे, या कल्पनेने नगर शोकाकुल झाले. परंतु काही दिवसांनी ते तळघरातून सुरक्षित बाहेर आणण्यात आले. मेरीला याहून भव्य मंदिर हवे आहे, असा या घटनेचा अर्थ लावण्यात आला. त्या वेळी नगरात उपस्थित असलेला पोपचा प्रतिनिधी, कार्डिनल मेलिऑर, याने केलेल्या आवाहनानंतर बिशप व कॅनन-मंडळ यांनी आपल्या उत्पन्नाचा मोठा भाग तीन वर्षांसाठी बांधकामास देण्याचे मान्य केले. ही हकिकत तेराव्या शतकाच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या मेरीच्या चमत्कारकथांच्या संग्रहात आली आहे. हा ग्रंथ दानासाठी प्रेरणा देण्याच्या हेतूने रचलेला असल्याने त्यातील तपशील सावधपणेच स्वीकारावे लागतात.

बांधकामाचा वेग विलक्षण होता. १२२० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत मुख्य छते पूर्ण झालेली होती आणि बहुतेक काचचित्रे साधारणतः १२०० ते १२४० या काळात बसविली गेली. वास्तूचा औपचारिक अभिषेक मात्र २४ ऑक्टोबर १२६० रोजी झाला. ७० हून अधिक कॅनन असलेले येथील मंडळ फ्रान्समधील अत्यंत संपन्न मंडळांपैकी एक होते. बोस प्रदेशातील शेतजमिनींचा महसूल त्यांच्याकडे येत असे. म्हणजेच या वास्तूमागे श्रद्धा जितकी होती तितकाच धान्याचा पैसाही होता. पुढील विवेचनात ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३. काच घडविण्याची रीत

मध्ययुगीन काचकामाची सर्वांत तपशीलवार माहिती थिऑफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील एका जर्मन भिक्षूच्या ग्रंथात मिळते. बीच वृक्षाच्या लाकडाची राख दोन भाग आणि वाळू एक भाग असे मिश्रण भट्टीत वितळवून काच तयार करावी, असे तो सांगतो. वितळलेल्या काचेत धातूंची संयुगे मिसळून रंग आणला जाई. कोबाल्टमुळे निळा, तांब्यामुळे लाल वा हिरवा आणि मँगनीजमुळे जांभळट छटा येत. तांब्याची लाल काच इतकी गडद होई की तिच्यातून प्रकाश जात नसे. म्हणून फिकट काचेवर लाल काचेचा पातळ थर चढविण्याची युक्ती वापरली जाई.

खिडकीचा आराखडा पांढरा रंग दिलेल्या मोठ्या लाकडी फळीवर रेखाटला जाई. काचेचे तुकडे त्या रेखाटनावर ठेवून तापलेल्या लोखंडाने तडकावले जात आणि त्यांच्या कडा खाचेच्या लोखंडी हत्याराने कुरतडून नेमका आकार दिला जाई. चेहरे, वस्त्रांच्या चुण्या, अक्षरे असे तपशील धातूची भुकटी व काचेची पूड यांपासून केलेल्या काळपट रंगाने रेखून ते तुकडे पुन्हा भट्टीत भाजले जात. त्यानंतर हे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवून पट्ट्यांचे सांधे डाक देऊन जोडले जात आणि तयार फलक खिडकीतील लोखंडी चौकटीत अडकवले जात. या चौकटींची वर्तुळे, चौकोन व पाकळ्या हाच पुढे कथानकाच्या मांडणीचा सांगाडा ठरे.

या कामासाठी कुशल कारागिरांचे मोठे गट लागत. शार्त्रमध्ये एकाच वेळी अनेक कार्यशाळा काम करीत असाव्यात, असे रेखाटनातील भिन्न हातांवरून दिसते. तथापि, शार्त्रच्या खिडक्यांवर त्यांच्या कर्त्याचे नाव नाही. शार्त्रचा म्हणून ओळखला जाणारा एकच काचकार नावानिशी परिचित आहे आणि तोही शार्त्रमध्ये नव्हे. रुआँ येथील कॅथीड्रलमध्ये जोसेफच्या कथेच्या खिडकीवर 'शार्त्रचा काचकार क्लेमेंट' याने ती घडविल्याचा लॅटिन लेख आहे. ज्या नगरात त्या काळातील सर्वांत मोठे काचकाम झाले, त्या नगरातील काचकाराचे नाव दुसऱ्या गावी जपले जावे, ही बाब बोलकी आहे.

४. खिडक्यांची मांडणी आणि 'निरक्षरांचा ग्रंथ' ही कल्पना

शार्त्रच्या खिडक्या तीन प्रमुख गटांत विभागता येतात. पहिला गट पश्चिमेच्या दर्शनी भागातील तीन उंच खिडक्यांचा होय. सुमारे ११५० च्या या खिडक्या आगीतून वाचलेल्या असून त्यांत येशूची वंशावळ, बालपण आणि त्याचे क्लेशभोग व पुनरुत्थान हे विषय आहेत. यांतील तेजस्वी निळ्या काचेचे रासायनिक घटक तेराव्या शतकातील काचेहून भिन्न आहेत. ती सोडायुक्त असल्याने हवामानाचा परिणाम तिच्यावर कमी झाला आणि तिची झळाळी टिकून राहिली. दक्षिणेकडील 'सुंदर काचेची मेरी' या नावाने प्रसिद्ध असलेली मेरीची बाराव्या शतकातील प्रतिमाही आगीतून वाचली. तेराव्या शतकातील कारागिरांनी तिच्याभोवती देवदूतांचे नवे फलक रचून ती नव्या खिडकीत बसविली.

दुसरा गट खालच्या ओळीतील कथात्मक खिडक्यांचा आहे. नोहा, जोसेफ, उधळ्या पुत्राची कथा, दयाळू शोमरोनी, संत निकोलस, सम्राट शार्लमेन अशा कथा या खिडक्यांत अनेक लहान फलकांतून सांगितल्या आहेत. त्यांचे वाचन बहुधा खालून वर करावयाचे असते. तिसरा गट वरच्या ओळीतील खिडक्यांचा असून त्यांत दुरून ओळखू येतील अशा संतांच्या व प्रेषितांच्या भव्य एकेरी आकृती आहेत.

यांशिवाय तीन मोठ्या चक्राकार खिडक्या आहेत. उत्तरेकडील चक्राकार खिडकीत मेरी मध्यभागी असून फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुले आणि कॅस्टिलच्या घराण्याचे किल्ले ही चिन्हे तेथे दिसतात. त्यामुळे या खिडकीचा संबंध राजमाता ब्लांश हिच्याशी जोडला जातो. दक्षिणेकडील खिडकीखाली ब्रिटनीचा ड्यूक पिएर मोक्लेर आणि त्याचे कुटुंबीय प्रार्थनेच्या मुद्रेत आहेत. त्याच ठिकाणी चार शुभवर्तमानकार चार प्राचीन संदेष्ट्यांच्या खांद्यांवर बसलेले दाखविले आहेत. बाराव्या शतकातील शार्त्रच्या विद्यापीठपरंपरेतील गुरू बर्नार याने आधुनिकांची तुलना महाकाय पुरुषांच्या खांद्यांवर बसलेल्या बुटक्यांशी केली होती. त्याचे हे मत जॉन ऑफ सॅलिस्बरी याने ११५९ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले आणि हाच जॉन ११७६ ते ११८० या काळात शार्त्रचा बिशप होता. या दोहोंतील संबंध अनेक अभ्यासकांनी सुचविला आहे. तो थेट सिद्ध करता येत नसला, तरी खिडक्यांमागे सुशिक्षित धर्मपंडितांची योजना होती, या मतास तो पूरक ठरतो.

चित्रे ही निरक्षरांचा ग्रंथ होत, हा विचार पोप ग्रेगरी पहिला याने इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात मांडला होता. पुढे काचचित्रांचे वर्णन सरसकट 'गरिबांचे बायबल' असे केले जाऊ लागले. हे वर्णन आकर्षक असले तरी अपुरे आहे. वरच्या ओळीतील तपशील जमिनीवरून नीट दिसत नाहीत. खालच्या खिडक्यांतील कथांत लॅटिन शब्द आहेत, जुन्या व नव्या करारांतील प्रसंगांची सूक्ष्म तुलना आहे आणि मूळ कथा आधी ठाऊक असल्यावाचून अनेक फलकांचा उलगडा होत नाही. दयाळू शोमरोनीच्या खिडकीत त्या कथेच्या वर आदम व हव्वा यांचे पतन दाखविले आहे. वाटसरू म्हणजे पतित मानवजात आणि शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, हा धर्मशास्त्रीय अर्थ सांगणारा कोणी शेजारी असल्याखेरीज सामान्य यात्रेकरूस तो कळणे कठीण होते. तात्पर्य, खिडकी स्वतः बोलत नव्हती. तिच्या वतीने प्रवचनकार बोलत होता.

५. व्यवसायचित्रे आणि दात्यांचा प्रश्न

शार्त्रच्या खिडक्यांचे सर्वांत लक्षवेधी वैशिष्ट्य म्हणजे त्यांत दिसणारे श्रमाचे जग. चाळीसच्या आसपास खिडक्यांत, बहुधा अगदी तळाच्या फलकांत, सुमारे २५ व्यवसायांतील माणसे आपापल्या कामात गढलेली दिसतात. नोहाच्या खिडकीत सुतार, गाड्यांची चाके करणारे आणि पिंपे बांधणारे आहेत. जोसेफच्या खिडकीत नाणी बदलून देणारे सराफ आहेत. संत शेराँच्या खिडकीत गवंडी भिंत रचीत आहेत आणि शिल्पकार राजमूर्ती घडवीत आहेत. शार्लमेनच्या खिडकीत फरचा व्यापारी गिऱ्हाइकाला माल उलगडून दाखवीत आहे. शार्त्रचा सहाव्या शतकातील बिशप संत लुबँ याच्या खिडकीत द्राक्षमद्याचे पिंप गाडीवरून नेले जात आहे. याखेरीज जोडे शिवणारे, खाटीक, लोहार, विणकर, पाणी वाहणारे असे अनेक जण आहेत. वेदीच्या अगदी वर, मध्यवर्ती मानाच्या जागी असलेल्या मेरीच्या खिडकीखाली पावाच्या टोपल्या वाहून आणणारी माणसे आहेत. मध्ययुगीन श्रमिकांच्या जीवनाचे इतके विपुल दृश्य साधन अन्यत्र क्वचितच सापडते.

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी या चित्रांचा अर्थ सरळ लावला. ज्या व्यवसायाचे चित्र, त्या व्यवसायाच्या श्रेणीचे दान. एमिल माल यांच्या तेराव्या शतकातील फ्रेंच धार्मिक कलेवरील १८९८ च्या ग्रंथाने आणि हेन्री ॲडम्स यांच्या १९०४ मध्ये खाजगीरीत्या छापलेल्या पुस्तकाने सर्व वर्गांच्या सामूहिक भक्तीतून उभे राहिलेले कॅथीड्रल, ही प्रतिमा वाचकांच्या मनात दृढ केली. इव्ह दलापोर्त यांनी एतिएन हूवे यांच्या छायाचित्रांसह १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेला खिडक्यांचा सूचिग्रंथ आजही मूलभूत मानला जातो. त्यातही व्यवसायचित्रांकडे दात्यांची 'स्वाक्षरी' म्हणूनच पाहिले गेले. यंत्रयुगातील वर्गसंघर्षाने अस्वस्थ झालेल्या पिढीला सरदार व सुतार, राणी व पाववाला यांच्या सहभावनेचे हे चित्र सुखावणारे होते. तेव्हाच्या वाचकांची ही गरज त्या अर्थनिर्णयाच्या लोकप्रियतेमागे होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

१९९३ मध्ये जेन वेल्श विल्यम्स या अमेरिकन संशोधिकेचा 'ब्रेड, वाइन अँड मनी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या समजुतीला हादरा बसला. त्यांच्या प्रतिपादनातील तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, खिडक्या घडल्या त्या काळात शार्त्रमध्ये स्वतंत्र निधी असलेल्या संघटित श्रेणी होत्या, याचा कागदोपत्री पुरावा मिळत नाही. नगरातील व्यवसायांवर एकीकडे काउंटचा व दुसरीकडे कॅनन-मंडळाचा अधिकार होता. श्रेणीच नव्हत्या, तर त्यांचे दान कोठून येणार?

दुसरा मुद्दा नगरातील संघर्षाचा आहे. कॅथीड्रलच्या आवारात व्यापार करणारे लोक मंडळाच्या अधिकारक्षेत्रात मोडत आणि काउंटच्या करांतून सूट मिळण्याचा दावा करीत. त्यामुळे काउंटचे अधिकारी, नगरवासी आणि मंडळ यांच्यात वारंवार खटके उडत. ऑक्टोबर १२१० मध्ये या वैमनस्याचा स्फोट होऊन जमावाने मंडळाच्या प्रमुखाच्या, म्हणजे डीनच्या, घरावर हल्ला केला. मंडळाने बहिष्काराचे धार्मिक शस्त्र उपसले आणि प्रकरण राजा फिलिप ऑगस्टस याच्यापर्यंत गेले. राजाने मंडळाच्या बाजूने निर्णय देऊन अपराध्यांना जबर दंड ठोठावला. तणाव पुढेही शमला नाही. १२५८ मध्ये राजा नववा लुई याच्या परवानगीने मंडळाने आपल्या आवारास तटबंदी व दरवाजे करून घेतले. ज्या दशकांत काचेवर पाववाले व सराफ शांतपणे आपले काम करीत होते, त्याच दशकांत खिडकीबाहेरचे नगर धुमसत होते. खिडक्यांत या संघर्षाची पुसटशी खूणही नाही.

तिसरा मुद्दा चित्रांच्या आशयाचा आहे. पाव, द्राक्षमद्य आणि नाणी या तीन वस्तूंना खिडक्यांत असलेले प्राधान्य योगायोगाचे नाही. पाव व मद्य यांचा संबंध ख्रिस्ती उपासनेतील प्रसादविधीशी, तर नाण्यांचा संबंध वेदीवर वाहावयाच्या दक्षिणेशी येतो. विल्यम्स यांच्या मते, श्रम करून मिळविलेले धन चर्चला अर्पण करणे हाच सामान्य जनांचा धर्म होय, हा मंडळाचा उपदेश या चित्रांतून व्यक्त होतो. या दृष्टीने पाहता ही व्यावसायिकांची स्वाक्षरी नसून त्यांना दिलेली शिकवण ठरते. व्यवसाय व कथा यांच्यातील जुळणीही या मताला बळ देते. नोहाने तारू बांधले आणि द्राक्षमळा लावला; त्याच्या खिडकीत सुतार आणि पिंपे बांधणारे आहेत. जोसेफला भावांनी पैसे घेऊन विकले; त्याच्या खिडकीत सराफ आहेत. मग्दालीया मरियेने येशूचे पाय अश्रूंनी धुतले. तिच्या खिडकीत पाणी वाहणारे आहेत. पाणी वाहून पोट भरणाऱ्यांकडे महागड्या खिडकीसाठी पैसा कोठून आला असेल, हा प्रश्नही येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

विल्यम्स यांच्या मांडणीचे सर्वत्र स्वागत झाले असे नाही. तिच्या विरोधातही पुरावे आहेत आणि ते दुर्लक्षिता येत नाहीत. जोडे शिवणाऱ्यांचा गट खिडकीची प्रतिकृती हाती धरून ती अर्पण करीत आहे, असे चित्र येथे आहे. दानाची याहून स्पष्ट दृश्य खूण कोणती असणार? तूर या नगराच्या लोकांनी खिडक्या दिल्याचा लेखही येथे आढळतो. म्हणजेच सामान्य जनांचे सामूहिक दान ही कल्पना त्या काळास अपरिचित नव्हती. शिवाय लिखित सनद असलेली श्रेणी नव्हती म्हणून एका व्यवसायातील लोक एखाद्या भक्तमंडळाच्या रूपाने एकत्र येतच नव्हते, असे म्हणता येत नाही. कागदपत्रांचा अभाव हा संस्थेच्या अभावाचा निर्णायक पुरावा नव्हे. नगरातील वाद एका गटाचा असताना दुसऱ्या गटाने, किंवा त्याच गटाने दुसऱ्या प्रसंगी, भक्तीने दान केले असण्याची शक्यताही नाकारता येत नाही.

सरदारांच्या दानाशी तुलना केल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. राशिचक्र व बारा महिन्यांची कामे दाखविणाऱ्या खिडकीत, ती काउंट थिबो याने पेर्शच्या काउंटच्या विनंतीवरून दिल्याचा लेख आहे. येथे दात्याचे नाव आहे, क्रियापद आहे आणि कारणही आहे. सरदारांच्या खिडक्यांत ढाली व घराण्याची चिन्हे असून त्यांवरून व्यक्ती ओळखता येते. व्यावसायिकांच्या बाबतीत मात्र बहुतेक ठिकाणी नाव नाही, केवळ काम आहे. सरदार गुडघे टेकून प्रार्थना करतो. पाववाला पाव भाजतो. तेराव्या शतकातील समाजरचनेत कोणाला नाव होते आणि कोणाला केवळ व्यवसाय होता, याचा हा पुरावा आहे. खर्च कोणी केला, या प्रश्नाचे उत्तर काहीही निघो, हा भेद त्यामुळे बदलत नाही.

६. आज दिसणारी खिडकी : नाश, जतन आणि जीर्णोद्धार

काचचित्राचा पुरावा म्हणून विचार करताना आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. आज दिसणारी खिडकी आणि तेराव्या शतकातील खिडकी एकच नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अभिरुची बदलली आणि वेदीचा भाग अधिक उजळ व्हावा म्हणून मंडळानेच तेथील काही रंगीत खिडक्या काढून साधी काच बसविली. ज्या संस्थेने या खिडक्या उभारल्या, तिनेच त्यांतील काही नष्ट केल्या. १८३६ च्या आगीत लाकडी आढे जळून गेले, परंतु दगडी छतामुळे खिडक्या बचावल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या वर्षी, १९१८ मध्ये, आणि पुन्हा १९३९ मध्ये त्या उतरवून सुरक्षित स्थळी हलविण्यात आल्या. १६ ऑगस्ट १९४४ रोजी कॅथीड्रलच्या मनोऱ्यात जर्मन सैनिक असल्याच्या संशयावरून त्यावर तोफा डागण्याची शक्यता निर्माण झाली होती. कर्नल वेल्बर्न ग्रिफिथ या अमेरिकन अधिकाऱ्याने स्वतः आत जाऊन तेथे शत्रू नसल्याची खात्री करून घेतली आणि वास्तू वाचली. त्याच दिवशी शार्त्रजवळील लेव्ह गावी तो मारला गेला.

राखेपासून केलेल्या पोटॅशयुक्त काचेवर पावसाचा व दमटपणाचा परिणाम होऊन खळगे पडतात आणि पृष्ठभाग काळवंडतो. १९७० च्या दशकात पश्चिमेच्या तीन खिडक्या स्वच्छ करून त्यांवर कृत्रिम राळेचा थर देण्यात आला, तेव्हा फ्रान्समध्ये मोठा वाद उद्भवला. चित्रकार आल्फ्रेड मानेसिए व जाँ बाझेन यांनी, खिडक्यांचे मूळ तेज हरपले, अशी टीका केली. पुढे बाहेरच्या बाजूने संरक्षक काच बसविण्याची पद्धती स्वीकारली गेली. २००९ मध्ये आतील भिंतींच्या जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले. शतकानुशतकांची काजळी काढल्यावर तेराव्या शतकातील फिकट पिवळसर गिलावा व त्यावर रेखलेले दगडांचे कृत्रिम सांधे मोठ्या प्रमाणावर उघड झाले. त्यांच्या आधारे भिंती पुन्हा उजळ करण्यात आल्या. २०१४ च्या अखेरीस या कामावर अमेरिकेत कठोर टीका झाली. काळोख्या अवकाशात तरंगणाऱ्या रंगीत प्रकाशाचा अनुभव उजळ भिंतींमुळे नाहीसा झाला, असा आक्षेप होता. समर्थकांचे उत्तर असे की, तो काळोख मध्ययुगाचा नव्हताच. तो मेणबत्त्यांच्या धुराचा, आगीच्या काजळीचा आणि नंतरच्या काळातील तापयंत्रणेचा होता.

या वादात एक ऐतिहासिक तथ्य दडलेले आहे. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील लेखकांनी ज्या गूढ, अंधाऱ्या शार्त्रवर भक्तिभावाने लिहिले, ते काही अंशी काजळीने घडविलेले होते. श्रेणींच्या एकदिली दानाची कथा जशी नंतरच्या पिढ्यांच्या गरजेतून दृढ झाली, तसाच हा गूढ अंधारही त्यांच्या अपेक्षांना साजेसा ठरला.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, व्यवसायचित्रे ही व्यवसायांच्या अस्तित्वाचा, साधनांचा आणि कार्यपद्धतीचा मोलाचा पुरावा आहेत. दानाचा पुरावा म्हणून मात्र प्रत्येक खिडकीचा स्वतंत्र विचार करावा लागतो. जेथे लेख आहे किंवा अर्पणाचे दृश्य आहे तेथे दान संभवनीय मानावे. जेथे केवळ काम दाखविले आहे तेथे सरसकट विधान टाळावे. दुसरा, विषयांची निवड व मांडणी धर्मपंडितांच्या हाती होती, हे कथा व व्यवसाय यांच्या जुळणीवरून बऱ्याच अंशी स्पष्ट होते. पैसा कोणाचाही असो, शब्द मंडळाचा होता. तिसरा, चित्रातील सलोखा हा समाजातील सलोख्याचा पुरावा ठरत नाही. १२१० च्या उद्रेकाची नोंद केवळ कागदपत्रांत आहे. ती नसती तर काचेवरील शांत नगरालाच इतिहासाने खरे शार्त्र मानले असते.

याचा अर्थ खिडक्यांचे मोल कमी होते असा नाही. बोस प्रदेशातील ज्या शेतकऱ्यांच्या धान्यावर हे कॅथीड्रल उभे राहिले आणि ज्या व्यावसायिकांच्या श्रमावर नगर चालत होते, त्यांच्या हातांची आणि हत्यारांची इतकी सूक्ष्म नोंद करणारे साधन त्या काळात दुसरे विरळाच. ती नोंद त्यांनी स्वतः करविली असेल किंवा इतरांनी त्यांच्याकडून अपेक्षा म्हणून केली असेल. परंतु कणीक मळणारे हात आणि तराजूवर झुकलेला सराफ हे कोणा अनामिक काचकाराने प्रत्यक्ष पाहिले होते, याविषयी शंका राहत नाही. दात्याचा प्रश्न अनिर्णित ठेवूनही या साक्षीचा उपयोग करता येतो; मात्र साक्ष कशाची आहे आणि कशाची नाही, हे प्रथम ठरवावे लागते. शार्त्रच्या खिडक्यांविषयीच्या शंभर वर्षांच्या वादाने इतिहासाच्या अभ्यासकास दिलेला धडा हाच आहे.